हातोडीचे वजन

जुन्या ग्रँड पियानोची पुनर्बांधणी ही वरवर पाहता कारागिरीची बाब. पण तिच्यात इतिहासाविषयीचा एक निर्णय दडलेला असतो. देवनारकर राज कपूर यांच्या 'संगम' (1964) मध्ये नायकाची व्यथा पियानोपुढेच उघडी होते. तो पियानो डोळ्यांसाठी होता. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने वाद्याचा प्राण पट्टी आणि तार यांच्यामधील यंत्रणेत, म्हणजे ॲक्शनमध्ये, असतो.

पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता यावा, ही सोय एरार यांच्या 1821 च्या पेटंटाने दिली. आजच्या ग्रँडची ॲक्शन तिचीच वंशज. तत्त्व टिकले, मापे मात्र बदलत गेली. पट्टी सुमारे 10 मिलिमीटर दबते, तेव्हा हातोडी सुमारे 45 मिलिमीटर उचलली जाते. साहजिकच हातोडीवर वाढलेला एक ग्रॅम बोटाला पाचएक ग्रॅमांइतका जाणवतो. हातोडीच्या दांडीखाली कातड्याची लहानशी गुंडाळी असते. दांडी ढकलली जाते ती तिथून. बिजागरीपासून तिचे अंतर अनेक जुन्या वाद्यांत 16 मिलिमीटरच्या आसपास, नव्या भागांत बहुधा 17. जुन्या हातोड्या हलक्या होत्या, म्हणून ते अंतर चालत असे. त्याच अंतरावर आजची जड हातोडी बसवली, की पट्ट्या जड होतात. पट्टीत शिसे भरून तोल साधता येतो. जडत्व मात्र वाढतेच.

नवे ते निर्दोष, असेही नाही. न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने 1962 मध्ये बिजागरीतील लोकरी कापडाऐवजी टेफ्लॉन वापरले. दमट-कोरड्या हवेनुसार लाकूड फुगे-आखडे, टेफ्लॉन तसेच राही. परिणामी सांधे कधी ढिले, कधी घट्ट होत आणि टकटक ऐकू येई. 1980 च्या दशकाच्या आरंभी कंपनी पुन्हा कापडाकडे वळली. खाडीलगतच्या, चार महिने पावसाळा सोसणाऱ्या देवनारसारख्या ठिकाणी हा धडा विसरून चालणार नाही.

मग 'अस्सल' कशाला म्हणावे? जुन्याच कंपनीचा आजचा भाग नावाने अस्सल, मापाने परका असू शकतो. दुसऱ्या कारखान्यातला भाग मूळ तरफेशी अधिक इमान राखू शकतो. निवड करायची ती नावाची नव्हे, नात्याची: वजन, अंतर आणि बोट यांच्या नात्याची. त्यासाठी जुने भाग काढण्याआधी मोजावेत, तोलावेत आणि जपून ठेवावेत. ते फेकले गेले, तर वाद्य वाजत राहील. पण ते मुळात कसे वाजत होते, याचा पुरावा उरणार नाही.