तापी-नर्मदेच्या मधल्या मुलखातील विद्वत्सहकार्य

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट हे गाव सातपुड्याच्या रांगांत वसलेले असून त्याच्या दक्षिणेस तापीचे व उत्तरेस नर्मदेचे खोरे पसरलेले आहे. आणि ज्यांनी दख्खनचा इतिहास लिहिला त्यांना या दोन खोऱ्यांमधील डोंगराळ पट्टा ओलांडल्यावाचून एकही प्रकरण पुरे करता आलेले नाही. फारुकी सुलतानांची राजधानी, १६०१ मध्ये असीरगड पडल्यानंतर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे, आणि उदगीरच्या विजयानंतर १७६० मध्ये मराठ्यांच्या पदरी पडलेला मुलूख अशी बऱ्हाणपूरची स्थित्यंतरे फारसी तवारिखांतून व मोडी दफ्तरांतून सविस्तर वाचावयास मिळतात. परंतु जेथे कागद संपतो तेथून मागे जाणारा, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा या प्रदेशाचा इतिहास कोणत्याही दफ्तरात नव्हता. तो पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत होता, आणि तो वाचण्यास कोणतीही एक विद्या पुरी पडणारी नव्हती. पुण्याच्या आणि बडोद्याच्या अध्यापकांनी तो कसा वाचला, आणि तो वाचता वाचता आपल्या विद्यापीठांत तोवर नसलेली अशी एकमेकांच्या शास्त्राला हात देण्याची वहिवाट कशी पाडली, ही हकीकत माझ्या मते त्या उत्खननांच्या निष्कर्षांइतकीच जतन करण्याजोगी आहे.

या वहिवाटीचे मूळ एका बंद पडलेल्या महाविद्यालयात आहे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा कालांतराने डेक्कन कॉलेज झाली, येरवड्याच्या माळावरील दगडी इमारतीत गेली, आणि १९३४ मध्ये सरकारने ती बंद केली. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि १९३९ च्या ऑगस्टात त्याच इमारतीत पदव्युत्तर संशोधनाची एक लहानशी संस्था सुरू झाली. विभाग थोडे आणि माणसेही थोडी: भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर, प्राचीन इतिहासाला हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्राला इरावती कर्वे. मोठ्या विद्यापीठात या चौघांच्या चार इमारती आणि चार परीक्षामंडळे असती, आणि वर्षातून एखाद्या समारंभात त्यांचा नमस्कार झाला असता. येथे ग्रंथालय एक, ओसरी एक आणि संशोधनपत्रिकाही एकच होती. विद्याशाखांचे सहकार्य हे पुष्कळदा मोठ्या योजनांतून जन्मते असे मानले जाते; मला मात्र ते साधनांच्या तुटवड्यातून आणि नित्याच्या शेजारातून जन्मलेले दिसते.

सांकलियांचे पहिले पुस्तक नालंदा विद्यापीठावरचे होते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथे खोदकामाची शिस्त उचलली. इरावतीबाई बर्लिनहून मानवशास्त्राची पदवी घेऊन आल्या होत्या आणि कवट्या मोजण्यापासून नातेसंबंधांच्या शब्दांपर्यंत त्यांच्या विद्येचा आवाका होता. या दोघांची गाठ कामाच्या निमित्ताने पडली ती उत्तर गुजरातेत. लांघणज येथील वाळूच्या टेकडीत गारगोटीची बारीक हत्यारे सापडत होती. १९४४ च्या मोहिमेत तेथे हाडे, आणि हाडांपाठोपाठ माणसांचे सांगाडे निघाले. हत्यारे ओळखणे हा सांकलियांचा अधिकार. पण गुडघे पोटाशी घेऊन पुरलेला माणूस समोर आल्यावर त्यांना इरावतीबाईंवाचून एक पाऊल पुढे टाकता येईना, आणि इरावतीबाईंना मुंबईचे शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. कुरुलकर यांची मदत घ्यावी लागली. पुढे लंडनचे भूस्तर-कालज्ञ फ्रेडरिक झॉयनर आले. त्यांनी वाळूचे थर पाहून त्या काळच्या पावसाचा आणि दुष्काळाचा अंदाज बांधला, आणि तेथेच सापडलेले गेंड्याच्या खांद्याचे एक हाड, ज्यावर ठोकून पडलेले खोलगट वण होते, ते हत्यारे घडविण्यासाठी ऐरणीसारखे वापरले गेले असे दाखवून दिले. आज जेथे गवतही मुष्किलीने तग धरते तेथे एकेकाळी गेंडा चरत होता, ही गोष्ट त्या एका हाडाने सांगितली. परंतु ते हाड गेंड्याचे आहे हे प्राणिशास्त्राने, त्यावरील वण माणसाच्या हातचे आहेत हे पुरातत्त्वाने, आणि त्या थराचे हवामान कसे होते हे भूशास्त्राने सांगितले, तेव्हा कुठे वाक्य पुरे झाले.

नर्मदेकडे ही मंडळी वळली ती पुराणांच्या वाटेने. महेश्वर म्हणजेच हैहयांची, सहस्रार्जुनाची माहिष्मती, अशी दृढ समजूत होती आणि पुराणांतील राजवंशांना मातीतला आधार मिळतो काय हे सांकलियांना पाहावयाचे होते. १९५२-५३ च्या हंगामात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी संयुक्तपणे महेश्वर आणि नदीच्या दक्षिण तीरावरील नावडाटोळी येथे खोदकाम आरंभिले. बडोद्याकडून आले बी. सुब्बाराव, सांकलियांचेच विद्यार्थी. शांताराम भालचंद्र देव हे तर जैन मुनिसंघाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारे, आणि तेच आता चराच्या कडेशी बसून थरांच्या रेघा आखू लागले. या उत्खननाच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पुणे आणि बडोदे ही दोन्ही नावे एकत्र छापली जावीत ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. संस्थेसंस्थेतील मानपानाने आपल्याकडे कितीतरी कामे रखडली आहेत, आणि येथे ते आडवे आले नाही याचे श्रेय त्या माणसांच्या वृत्तीला द्यावयास हवे.

नावडाटोळीचे मुख्य उत्खनन १९५७ ते १९५९ या काळात झाले. माहिष्मतीच्या राजप्रासादाऐवजी तेथे एक शेतकऱ्यांचे गाव निघाले. गोल, चौकोनी आणि लांबट अशी घरे, त्यांच्या मेढींची भोके ओळीने जमिनीत उमटलेली, जमिनी शेणमातीने सारवलेल्या, भिंतींच्या जागी बांबूच्या कुडाला केलेले लिंपण, आणि घराघरांतून धान्याचे मोठमोठे रांजण. कित्येक घरे जळाली होती. आणि हीच त्या गावाची आपत्ती शास्त्राच्या पथ्यावर पडली, कारण जळून कोळसा झालेले दाणे कुजत नाहीत. ते दाणे वनस्पतिशास्त्रज्ञ विष्णु-मित्र यांच्याकडे गेले. त्यांनी ज्या धान्यांची ओळख पटविली त्यांची नावे वाचताना निमाडातील कोणत्याही बाजाराची आठवण व्हावी: गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख, जवस. गहू पहिल्या थरापासून होता, तांदूळ मागाहून आला. खापरांवरील नक्षी पाहून संस्कृतींची नावे ठेवणाऱ्या विद्वानाला हा क्रम कधीही कळला नसता. आणि केवळ दाणे पाहणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोणता दाणा कोणत्या पिढीने रांधला हे सांगता आले नसते. थर आणि दाणा एकत्र आले म्हणून एका गावाच्या ताटात काय बदल झाला हे आपल्याला ठाऊक झाले.

कालनिश्चितीचे काम तर साता समुद्रापार गेले. नावडाटोळीचा कोळसा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासला गेला आणि कर्बाच्या किरणोत्सर्गावरून ती वसाहत इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याच्या आसपासची ठरली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच अशी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि अणूंचा अभ्यास करणारे पदार्थवैज्ञानिक पांढरीतल्या कोळशाची वाट पाहू लागले. येथे एक गोष्ट नमूद करणे इष्ट आहे. लांब पन्हळीसारख्या तोटीचा एक वाडगा नावडाटोळीस सापडला. त्याचे इराणी भांड्यांशी असलेले साम्य पाहून सांकलियांनी या लोकांचा संबंध पश्चिमेकडून आलेल्या टोळ्यांशी जोडला. हा तर्क पुढील संशोधकांनी फारसा स्वीकारला नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याचे कारणही याच हकीकतीत आहे: दाणे, हाडे आणि कोळसा यांच्याबाबतीत सांकलियांनी तज्ज्ञांना शेजारी बसविले, पण भांड्याच्या आकारावरून वंशाचे अनुमान त्यांनी एकट्याने काढले.

सहकार्याची सर्वांत सूक्ष्म खूण मात्र मला नेवाशाला दिसते. ज्ञानदेवांच्या वास्तव्याने पावन झालेल्या त्या प्रवरातीरावर १९५४ ते १९५६ मध्ये खोदकाम चालू असता एका बालकाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मणी कोणीही पाहिले असते. पण मण्यांच्या भोकात दोऱ्याचे काही तंतू उरले होते; तांब्याच्या क्षारांनी त्यांना कुजू दिले नव्हते. ते तंतू गेले ए. एन. गुलाटी यांच्याकडे. गुलाटी हे इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत गिरण्यांसाठी तंतूंची परीक्षा करण्यात त्यांची हयात गेली, आणि १९२८ मध्ये मोहेंजोदडोच्या कापसाची ओळखही टर्नर यांच्यासह त्यांनीच पटविली होती. त्यांच्या परीक्षणानुसार नेवाशाच्या त्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम होते. त्यांचा लेख, विष्णु-मित्रांचा धान्यांवरील लेख आणि ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांचा प्राण्यांच्या हाडांवरील लेख हे १९६१ मध्ये डेक्कन कॉलेजने एकाच पुस्तकात छापले. एवढ्याशा त्या पुस्तकाला मी आपल्या विद्यापीठीय इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज मानतो, कारण त्यात उत्खननकर्त्यांनी इतरांच्या विद्येला परिशिष्टात न कोंबता स्वतंत्र ग्रंथाचा मान दिला.

१९६४ मध्ये येरवड्याला भारतीय प्रागितिहासावर परिसंवाद भरला आणि वीरेंद्रनाथ मिश्र व म. श्री. माटे यांनी त्याचे वृत्त पुढच्याच वर्षी ग्रंथरूपाने काढले. तो परिसंवाद फलदायी झाला, परंतु तो वीस वर्षांच्या एकत्र कामाचा परिणाम होता, उगम नव्हे. आज आंतरविद्याशाखीय मेळाव्यांची निमंत्रणे आधी निघतात आणि प्रश्न मागाहून शोधला जातो, त्यांच्या संयोजकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उदयपूरजवळच्या आहाडचे टेकाड, ज्याला तेथील लोकही धूलकोटच म्हणतात, ते सांकलियांनी १९६१-६२ मध्ये राजस्थानचे पुरातत्त्व खाते आणि मेलबर्न विद्यापीठ यांच्यासह खोदले. त्या उत्खननाच्या पाठोपाठ मालती नागर यांनी एक नवी दिशा धरली. आहाडच्या जमिनीत मिळालेली घरांची तळवटे घेऊन त्या मेवाडातील भिल्लांच्या वस्त्यांत गेल्या. कूड कसा विणतात, लिंपणात काय मिसळतात, मेढ कोणत्या लाकडाची, धान्य कशात साठवितात, हे त्यांनी जिवंत माणसांच्या हातून पाहिले, आणि १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यावर प्रबंध सादर केला. इरावतीबाईंचे मानवशास्त्र आणि सांकलियांचे पुरातत्त्व हे दोन प्रवाह येथे खऱ्या अर्थाने एक झाले असे मला वाटते. लांघणजला ते सांगाड्याशी भेटले होते, येथे नांदत्या घराशी भेटले. निमाडच्या धूलकोटलाही हाच अभ्यास तितक्याच योग्यतेने करता आला असता. होळीच्या तोंडावर तेथे भगोऱ्याचा हाट भरतो तेव्हा सातपुड्यातील बारेला आणि भिल्ल कुटुंबे पाड्यापाड्यांतून ढोल-मांदळ घेऊन उतरतात. त्यांच्या पाड्यांवरील बांबूचा कूड, शेणमातीचे सारवण आणि कणगी ही नावडाटोळीच्या आराखड्याशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. नर्मदाकाठची माळवा शैलीची रंगीत खापरे तापीच्या खोऱ्यात प्रकाशे येथे आढळतात, आणि पुढे भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीवरील इनामगावच्या अगदी तळच्या थरातही. म्हणजे ती भांडी वापरणारी माणसे किंवा निदान ती कारागिरी सातपुडा ओलांडून दक्षिणेत उतरली, यात संशय नाही. सुब्बारावांनी आपल्या ग्रंथात भारताच्या भूगोलाचे वसाहतींना आकर्षून घेणारे प्रदेश आणि एकाकी राहिलेले प्रदेश असे विभाग पाडले. त्यातल्या एकाकी डोंगरपट्ट्याची ही जिवंत बाजू अभ्यासण्यापूर्वीच १९६२ मध्ये ते अकाली गेले, ही त्या विद्येची मोठी हानी झाली.

एक दुवा मात्र जुळला नाही, आणि त्याची मला आजही खंत वाटते. ज्या छपराखाली सांकलिया होते त्याच छपराखाली कत्र्यांचा भाषाशास्त्र विभाग होता. १९५४ पासून तेथे भाषाशास्त्राची विद्यालये भरली आणि देशभरच्या विद्यापीठांतील संस्कृत, हिंदी, मराठी, द्राविडी भाषांचे अध्यापक एकत्र बसून ध्वनी आणि रूपे लिहून घ्यावयास शिकले. याच सातपुड्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात आणि लगतच्या निमाडात, निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. भाषा अशी की तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांची भर पुष्कळ पडलेली असली तरी तिचा मूळ गाभा कोणत्याही ज्ञात कुळाशी जुळत नाही. तिच्यावरचा मोठा तौलनिक ग्रंथ १९६२ मध्ये डच पंडित कायपर यांनी लिहिला, आणि तो प्रसिद्ध झाला ॲमस्टरडॅमहून. नावडाटोळीचे दाणे आणि निहालीचे शब्द यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न त्या दोन विभागांतील मंडळींनी एकमेकांना विचारला असता तर तो विचारण्यास याहून योग्य माणसे भारतात दुसरीकडे नव्हती. अलीकडे डेक्कन कॉलेजच्याच भाषाशास्त्र विभागाने निहालीच्या नोंदणीचे काम हाती घेतले आहे. त्या नोंदींतील धान्यांची, भांड्यांची, घराच्या भागांची नावे, त्यांतली कोरकूकडून आलेली कोणती, मराठीकडून आलेली कोणती आणि जी कोठूनच आलेली नाहीत ती कोणती, अशी विभागून विष्णु-मित्रांच्या यादीशेजारी मांडणे हे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने, एका भाषाशास्त्रज्ञाने आणि एका पुरातत्त्वज्ञाने मिळून एका हंगामात करण्यासारखे काम आहे. आणि त्यासाठी त्यांनी मुक्काम पुण्यात न करता सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, निहाली बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी करावा.