भूमी प्रकल्प : कर्नाटकातील जमीन-नोंदींचा आणि बदललेल्या कार्यप्रक्रियेचा इतिहास

प्रस्तावना

संस्थेचे काम संगणकावर नेणे आणि संस्थेचे काम सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली की दुसरी आपोआप होते, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज तपासून पाहण्यासाठी भारतात एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. कर्नाटकाच्या महसूल खात्याने बेंगळुरूहून राबवलेल्या ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या. त्यांचा संबंध सुमारे 67 लाख खातेदारांशी होता. या प्रकल्पाचे कौतुक भरपूर झाले आणि त्यावर कडक टीकाही झाली. दोन्ही बाजू पाहिल्या म्हणजे प्रक्रिया बदलते तेव्हा नेमके काय बदलते, हे स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : नोंद कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ‘सातबारा’ परिचित असतो. गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 मिळून हा उतारा होतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, त्यात कोणते पीक घेतले, हे त्यावरून कळते. कर्नाटकात याच प्रकारच्या उताऱ्याला ‘पहाणी’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आरटीसी’ म्हणूनही ओळखला जातो.

हे साम्य योगायोगाचे नाही. मुंबई इलाख्यात 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागातून जी मोजणी व सारा-आकारणीची पद्धत रुजवली, तीच पुढे म्हैसूर संस्थानानेही स्वीकारली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 मध्ये झाला. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कन्नड हे जिल्हे 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होते. म्हणजे कर्नाटकाच्या दप्तराचा एक मोठा भाग मराठी मुलखाच्या दप्तराचा सख्खा भाऊ आहे.

हे दप्तर सांभाळणारा माणूसही दोन्हीकडे सारखाच होता. मराठी गावात कुलकर्णी, तर म्हैसूरकडे शानभोग. दोघांचीही पदे वंशपरंपरागत होती. म्हैसूर राज्याने 1961 च्या कायद्याने ही वतने रद्द केली आणि त्यांच्या जागी पगारी ग्रामलेखापाल आले. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीचा अधिकारी म्हणजे तलाठी. माणूस बदलला, तरी दप्तर त्याच्याच ताब्यात राहिले. कर्नाटकात असे सुमारे 9,000 ग्रामलेखापाल होते आणि एकेकाकडे बहुधा तीन-चार गावे असत. पीककर्ज काढायचे, कोर्टात जामीन राहायचे किंवा जमीन विकायची, तर उतारा लागतोच, आणि तो देणारा गावात एकच. नोंदवही त्याच्याकडे असल्याने तिच्यात काय आहे हे इतरांना सहज पाहता येत नसे, आणि खाडाखोड झाली तर ती लगेच उघडकीस येत नसे.

त्याहून अवघड काम फेरफाराचे. खरेदी, वाटणी किंवा वारसा यांमुळे मालक बदलला की फेरफार नोंदवावा लागतो. अर्ज आला की संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतींसाठी 30 दिवस थांबायचे आणि हरकत नसेल तर महसूल निरीक्षकाने मंजुरी द्यायची, असा नियम होता. प्रत्यक्षात नोटीस निघण्यातच चालढकल होई आणि नोंद व्हायला कित्येकदा वर्ष-दोन वर्षे जात. कोणाचा अर्ज आधी आणि कोणाचा नंतर, हे ठरवण्याचा अलिखित अधिकार हीच या व्यवस्थेतली खरी सत्ता होती.

पहिला प्रयत्न का अडला?

जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांपैकी एक. कर्नाटकात थोड्या काळाने गुलबर्ग्यात प्रयोग झाला आणि 1996 पर्यंत राज्यातील सर्व जिल्ह्यांसाठी प्रकल्प मंजूर झाले. पण संगणक जिल्हा पातळीवर बसवायचे होते आणि नोंदी बदलत होत्या तालुक्यात व गावात. हाताने लिहिलेली वही कायदेशीर मानली जात होती, ती रोज बदलत होती, आणि संगणकातली माहिती मात्र टंकन झाले त्या दिवशीच गोठत होती. काही महिन्यांत दोन्हींचा मेळ बसेनासा झाला.

खर्च झाला होता, यंत्रे होती, माहितीही भरली होती. कामाचा मार्ग मात्र पूर्वीचाच होता. व्यवस्थापनशास्त्रात याच सुमारास हा मुद्दा मांडला जात होता. मायकल हॅमर यांनी 1990 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात फोर्ड कंपनीच्या देयक विभागाचे उदाहरण दिले होते. तिथे 500 हून अधिक लोक काम करत. संगणक वापरून ही संख्या 400 वर आणण्याचा कंपनीचा विचार होता. मग लक्षात आले की माझदा कंपनीत हेच काम पाच माणसे करतात. फोर्डने पुरवठादाराकडून बिल मागवणेच बंद केले. माल आला की गोदामातला कर्मचारी मागणीपत्राची नोंद संगणकावर पडताळणार आणि पैसे चुकते होणार. माणसे सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. टप्पा वेगाने पार करण्यापेक्षा तो टप्पा हवाच कशाला, हे विचारणे महत्त्वाचे, असा त्याचा बोध.

भूमीने काय बदलले?

1990 च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकाने हे काम नव्याने हाती घेतले. महसूल खात्यात या प्रकल्पाचे नेतृत्व राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याने केले आणि आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. 2002 पर्यंत राज्यातील 177 तालुक्यांत भूमी केंद्रे उभी राहिली. त्यांत संगणक तर होतेच, पण परिणाम घडवला तो पुढील निर्णयांनी.

1. संगणक तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे नोंद जिथे मंजूर होते तिथेच बसवला.

2. ज्या तालुक्यात काम पूर्ण झाले तिथे हस्तलिखित उतारा कायद्याने अमान्य ठरवला. दोन वह्या शेजारी-शेजारी चालण्याची सोय संपली. मागच्या प्रयत्नाचे दुखणे नेमके हेच होते.

3. फेरफाराचा अर्ज तालुका केंद्रात दाखल होऊ लागला आणि ‘आधी येईल त्याचे आधी’ हा क्रम आज्ञावलीतच घातला गेला. मागचा अर्ज पुढे ओढणे कर्मचाऱ्याला सहजासहजी शक्य राहिले नाही.

4. यंत्रणेत शिरण्यासाठी कर्मचाऱ्याचा बोटाचा ठसा लागू लागला. मंजुरीचे मूळ कागद स्कॅन करून ठेवले गेले. त्यामुळे ‘ही नोंद मी केलीच नाही’ असे म्हणायला जागा उरली नाही.

5. उताऱ्याची किंमत 15 रुपये ठरली आणि खिडकीपुढे शेतकऱ्याच्या बाजूला दुसरा पडदा ठेवला गेला. आपल्या नावापुढे काय दिसते, हे त्याला तिथेच पाहता येऊ लागले.

यांतील दुसरा आणि तिसरा निर्णय यंत्राचा नसून धोरणाचा आहे. हे दोन्ही सत्तेला हात घालतात, म्हणून त्यांना राजकीय पाठबळ लागले. बेंगळुरूच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने 2002 मध्ये वापरकर्त्यांचे सर्वेक्षण केले. जुन्या पद्धतीत लाच द्यावी लागल्याचे सांगणारे 66 टक्के होते, तर भूमी केंद्रांत असे सांगणारे 3 टक्के. उतारा मिळवण्यापुरते पाहिले, तर हा बदल खरोखरच मोठा होता.

टीकेची बाजू

पण उतारा मिळणे आणि जमिनीवरचा हक्क सुरक्षित राहणे हे एकच नाही. सॉलोमन बेंजामिन, भुवनेश्वरी रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये भूमीचा वेगळा अभ्यास मांडला. बेंगळुरू शहर तेव्हा माहिती-तंत्रज्ञानाच्या जोरावर आसपासच्या खेड्यांवर पसरत होते आणि जमिनीचे भाव चढत होते. या अभ्यासकांच्या मते निर्णय गावातून तालुक्याकडे सरकले, तसा भ्रष्टाचारही वरच्या पायरीवर सरकला. शिवाय एका ठिकाणी जमलेली, सहज शोधता येणारी माहिती मोठ्या जमीन-खरेदीदारांच्या अधिक उपयोगी पडली.

यामागचे तत्त्व समजून घ्यायला हवे. जुन्या दप्तरात ग्रामलेखापालाची मनमानी होती आणि तिच्याच पोटात स्थानिक माहितीही होती. कोणती जमीन प्रत्यक्ष कोण कसते, कोणत्या भावांनी तोंडी वाटणी केली आहे, कोणत्या बहिणीचे नाव लागायचे राहिले आहे, हे त्याला ठाऊक असे. तो त्याचा कधी सदुपयोग करी, कधी दुरुपयोग. संगणकाच्या रकान्यात तोंडी वाटणीला जागा नसते. वहीतली चूक संगणकावर चढली की तिला छापील कागदाचे वजन येते, आणि ती दुरुस्त करण्यासाठी गरीब माणसाला गावाऐवजी तालुक्याचे हेलपाटे घालावे लागतात. सुधारणेने मनमानी कमी केली, पण तडजोडीची वाटही अरुंद केली.

सरकारने यावर काही उपाय योजले. उतारे मिळण्याची सोय तालुक्याखालच्या होबळी पातळीवर नेली गेली, आधी नेम्मदी केंद्रांतून आणि पुढे अटलजी जनस्नेही केंद्रांतून. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचे बंधन घालणारा ‘सकाल’ कायदा 2012 मध्ये अंमलात आला.

महाराष्ट्राशी तुलना

महाराष्ट्रातही ई-फेरफार प्रणाली आली आणि 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याआधीचा एक टप्पा लक्षात घेण्यासारखा आहे. संगणकावरचा सातबारा हस्तलिखिताशी जुळवण्याच्या मोहिमेत 2017 मध्ये गावोगाव ‘चावडी वाचन’ झाले. उतारे ग्रामस्थांपुढे मोठ्याने वाचायचे आणि ज्याची नोंद चुकली असेल त्याने तिथेच हरकत घ्यायची, अशी ही रीत. पद्धत जुनीच आहे, पण नव्या यंत्रणेला जे साधत नाही ते ती साधते. नोंद खरी की खोटी, हे यंत्राला कळत नाही, शेजाऱ्याला कळते. म्हणून माहिती संगणकावर कायमची बसण्याआधी गावाने ती ऐकणे, हाही प्रक्रियेचाच एक टप्पा मानला पाहिजे.

निष्कर्ष

कर्नाटकातील जिल्हा-पातळीवरचा पहिला प्रयत्न आणि भूमी यांत तंत्रज्ञानाचा फरक होता, पण निर्णायक फरक कामाच्या रचनेत होता. जुनी वही बंद करणे, अर्जांचा क्रम बांधून टाकणे आणि केलेल्या कामाची जबाबदारी व्यक्तीवर निश्चित करणे, यांमुळे भूमी टिकली. त्याच वेळी प्रत्येक टप्पा काढताना कोणाचा तरी अधिकार जातो आणि दुसऱ्या कोणाकडे तरी येतो. शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न कचेरीतल्या सोयीपुरता राहत नाही. तो त्याच्या जमिनीचा प्रश्न असतो. म्हणून कोणत्याही संस्थेतील प्रक्रिया-सुधारणा तपासताना किती वेळ वाचला याबरोबरच अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, आणि चूक झाल्यास दाद मागायची जागा सर्वांत दुबळ्या माणसापासून किती दूर आहे, हेही मोजावे लागते.

स्वाध्याय

1. हस्तलिखित उतारा अमान्य ठरवला नसता तर भूमी प्रकल्पाचे काय झाले असते? पहिल्या प्रयत्नाच्या आधारे लिहा.

2. फोर्डचा देयक विभाग आणि फेरफाराची प्रक्रिया यांची तुलना करा. फेरफारातील 30 दिवसांची नोटीस हा टप्पा काढून टाकता येईल का? कारणे द्या.

3. तुमच्या महाविद्यालयातील किंवा गावातील एका दाखल्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने मांडा. प्रत्येक टप्प्यावर निर्णय कोणाच्या हाती आहे ते दाखवा.