डाळिंबाची साल आणि दाणे

डाळिंबाचे मूळ घर इराण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. भारतात ते फार पूर्वी आले. चरकसंहितेत ते हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांत आणि उलटी थांबवणाऱ्या द्रव्यांतही मोजले आहे.

घरगुती औषधात मात्र दाण्यांपेक्षा सालीचा मान मोठा. फळ खाऊन झाले की साल सावलीत कडकडीत वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि जुलाब लागले की ताकातून चिमूटभर द्यायची, असा प्रघात होता. सालीतल्या टॅनिनमुळे ती तुरट लागते आणि आतडे आवळून धरते. त्याच टॅनिनमुळे ती रंगाऱ्याच्याही कामी आली: तुरटीबरोबर सुती कापडाला पिवळी छटा, लोहाबरोबर काळपट. मुळाची साल कृमींवर देत. तिच्यातले पेलेटिएरीन हे अल्कलॉइड शार्ल तान्रे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८७८ च्या सुमारास वेगळे केले. प्रमाण चुकले तर हे विषारी ठरते, म्हणून घरच्या घरी करण्याचा हा उपाय नव्हेच.

महाराष्ट्रात व्यापारी बागा वाढल्या त्या ‘गणेश’ वाणामुळे. पुण्यात गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी तो आळंदी वाणातून निवडला. दाणे फिकट गुलाबी, बी मऊ. पुढे लालभडक ‘भगवा’ने बाजारात त्याला मागे टाकले. कमी पावसाच्या सांगोला, सटाणा भागाला हे पीक मानवले, पण तेल्या रोगाने अनेक बागा उपटाव्या लागल्या. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात सुरू झाले.