वायुवीजन, इमारतींतील

इमारतीतील वापरलेली हवा बाहेर जाऊन तिच्या जागी ताजी हवा येत राहणे म्हणजे वायुवीजन. बाहेरच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड सु. ०.०४ टक्के असतो, उच्छ्वासात सु. ४ टक्के. बंद खोलीत तो साठत जातो आणि त्याबरोबर बाष्प, वास व रोगजंतूही. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील हवेसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा सुचवली. एवढ्या प्रमाणात हा वायू घातक नसतो. खोलीतली हवा किती शिळी झाली, हे मात्र त्यावरून कळते.

नैसर्गिक वायुवीजन वारा आणि उष्णता या दोहोंवर चालते. वाऱ्याकडच्या भिंतीवर दाब वाढतो, मागच्या बाजूला तो घटतो. त्यामुळे समोरासमोर खिडक्या असल्या की हवा आरपार जाते. एकच मोठी खिडकी हे काम नीट करत नाही. वारा पडला तरी गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि खालून थंड हवा आत येते, पण तिला वर वाट हवी. छताजवळचे झरोके त्यासाठीच असतात. कौलारू घरात ही वाट कौलांच्या फटींतून आपोआप मिळते. सिमेंटच्या स्लॅबने ती बंद केली.

यांत्रिक वायुवीजनात पंखे हेच काम करतात. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच आत यायला वाट नसेल तर तो नुसता गरगरतो. न्हाणीघराच्या दाराखाली फट ठेवतात ती यासाठी. गॅस गीझर असलेल्या कोंदट न्हाणीघरात तर बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जातो. घरगुती स्प्लिट एसी वायुवीजन करतो, हा सर्रास गैरसमज आहे. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो.

१८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत कोंदट घरांची कौले काढून उजेड-वारा आत घेतला गेला. तो प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, हवेतून नव्हे. तरी उपाय वाया गेला असे म्हणता येत नाही, कारण क्षयरोग मात्र कोंदट हवेतूनच पसरतो. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे ६३.५ अंशांचा नियम आणला : इमारतीसमोर तिच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा हवी. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमधील पुनर्वसनाच्या बहुमजली इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर सोडलेले आहे. अशा वसाहतींतील क्षयरोग आणि खालच्या मजल्यांवर न पोचणारा उजेड-वारा यांचा संबंध २०१८ मधील एका अभ्यासात दिसून आला.