मधला डबा

आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट ई-180, म्हणजे पुरती तीन तासांची. शूटिंगवाल्याने हळदीलाच इतकी टेप खर्चली की शेवटची पंगत अर्ध्यातच तुटली. ती बघायची तर व्हीसीपी भाड्याने आणायचा. (व्हीसीपी नुसता दाखवतो, रेकॉर्ड करत नाही, म्हणून व्हीसीआरपेक्षा स्वस्त.) दुकानातला पोऱ्या तो सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचा, अँटेनाची वायर उपसून तिथे आपली खोचायचा आणि टीव्हीचं एखादं मोकळं चॅनल फिरवत बसायचा. मुंग्या निवळल्या की निम्मी आळी दारात.

पुढे व्हीसीडी आली. एका तबकडीत 74 मिनिटं, म्हणून सिनेमाला दोन-तीन तबकड्या. मग कॅसेटची डीव्हीडी करून घेतली, डीव्हीडीची फाइल झाली, फाइल कॉम्प्युटरात गेली. लग्न आतल्या खोलीत, टीव्ही बाहेरच्या.

ही अडचण घरोघरची, आणि तिच्यावरचा एक नामी तोडगा निघाला तो गेम खेळायच्या यंत्रातून. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेत आला. 733 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 64 एमबी मेमरी, पोटात हार्ड डिस्क, मागे टीव्हीची वायर. थोडक्यात, टीव्हीखाली मावणारा कॉम्प्युटरच. हौशी मंडळींनी त्याचं कुलूप फोडलं आणि 2002 मध्ये त्यावर स्वतःचा मीडिया प्लेअर चढवला. 2004 पर्यंत त्याचं एक्सबीएमसी झालं. गंमत म्हणजे तयार प्रोग्राम वाटायची त्यांना मुभा नव्हती. तो बांधायला मायक्रोसॉफ्टचीच अवजारं लागत आणि ती परवान्यात अडकलेली. म्हणून ते फक्त सोर्स कोड द्यायचे: कृती घ्या, स्वयंपाक तुमचा तुम्ही करा. 2014 साली याचंच नाव बदलून कोडी झालं.

कंपन्यांचे डबेही येत राहिले. 2007 चा अ‍ॅपल टीव्ही आयट्यून्सच्या पंगतीला बसलेल्यांनाच वाढायचा. 2008 चा पहिला रोकू नेटफ्लिक्ससाठी. 2013 चं क्रोमकास्ट 35 डॉलरला, पण त्याला रिमोटच नाही, फोन हाताळायचा. डबा किती वेगवान ते दुकानदार सांगतो. तो काय दाखवायला राजी आहे, ते घरी आणल्यावर कळतं.

मी रास्पबेरी पाय घेतला. 2012 साली निघालेला, क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर. कोडी चढवलं, नवे सिनेमे झकास चालले. लग्न मात्र अडखळलं: भटजींचा आवाज पुढे, ओठ मागे. डीव्हीडीचं चित्र एमपीईजी-2 मध्ये बांधलेलं असतं आणि किंमत आटोक्यात ठेवायला त्याचा परवाना पायमध्ये घातलाच नव्हता. तो वेगळा घ्यायचा, 2.40 पौंडांना. मिळणारी किल्लीही त्या एकाच बोर्डाच्या सिरियल नंबरला जखडलेली. स्वतःचंच लग्न बघायला परवाना! भरले पैसे.

एचडीएमआयमधल्या सीईसीमुळे टीव्हीच्याच रिमोटवर पाय चालतो म्हटल्यावर बायकोने रिमोट ओढून घेतला. हळद पळवली, मंगलाष्टकं पळवली, मी पळालो, आणि अर्ध्या पंगतीवर थांबली. तिचे बाबा वाकून कुणाला तरी जिलबीचा आग्रह करत होते. तिथेच टेप संपते.