हायस्कुलातील सनातनी

शताब्दीच्या निमित्ताने मागे वळून पाहताना आपण सुधारकांचे स्मरण अगत्याने करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काळी हायस्कुलाच्या बाकावर बसून इंग्रजी शिकणारा आणि तरीही सुधारणेच्या विरोधात ठामपणे उभा राहिलेला एक विद्यार्थीही होता. ‘जुन्या मताचा’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. मला मात्र तो मुलगा इतका सोपा वाटत नाही. बडोद्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी मंडळींना तर त्याची ओळख करून घेण्याचे एक खास कारण आहे. परंतु त्याआधी पुण्यास जावयास हवे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. टिळक प्रारंभापासून त्यांच्या सोबत होते, आगरकर पुढील वर्षी आले. शास्त्रीबुवांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून निघत होती. तिने मिशनऱ्यांवर शस्त्र धरले, तसेच जोतीराव फुल्यांवर व लोकहितवादींवरही धरले. या शाळेत मुलगा इंग्रजी, संस्कृत, गणित उत्तम शिके. त्याचबरोबर आपली भाषा, आपला धर्म, आपला भूतकाळ यांची लाज बाळगणे म्हणजेच गुलामी होय, हा संस्कारही त्याच्यावर होई. परंपरेचा अभिमान आणि परकीय सत्तेविषयीची अप्रीती ही दोन्ही त्याच्या पानात एकदमच वाढली गेली. पुढे ती निवडून वेगळी करणे त्याला जमले नाही, हे समजण्यासारखे आहे.

१८८२ च्या मार्चमध्ये शास्त्रीबुवा वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या निधनावर ‘शिष्यजनविलाप’ लिहिणारे हरिभाऊ आपटे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. मुलांच्या दृष्टीने दोघेही वीर होते, दोघेही ‘आपले मास्तर’ होते. पुढे आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला; १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे विद्यार्थ्याला ज्यांचा विचार पटत होता ते गुरू शाळेबाहेर गेले, आणि ज्यांचा पटत नव्हता ते आतच राहिले. १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने जर्जर झालेल्या, निःस्पृह अशा या शिक्षकासमोर बसून मनातल्या मनात त्यांचे म्हणणे नाकारणे ही काही सुखाची गोष्ट नसावी.

खरी कसोटी लागली ती संमतिवयाच्या बिलाने. कलकत्त्याची फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी १८९० मध्ये पतीच्या शरीरसंबंधाने मरण पावली. संमतिवय दहावरून बारावर नेणारे बिल १८९१ च्या जानेवारीत मांडले गेले आणि १९ मार्चला त्याचा कायदा झाला. डॉ. भांडारकरांनी शास्त्राधार दाखवून बिलाची बाजू घेतली, टिळकांनी ‘केसरी’तून त्यांचा प्रतिवाद केला. मुलींची लग्ने सोळा वर्षांआधी व मुलांची वीस वर्षांआधी करू नयेत, अशी सूचना खुद्द टिळकांनी १८९० मध्ये केली होती, हे विसरून चालणार नाही. समाजाने आपण होऊन काय करावे हा एक प्रश्न, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घेऊन शिरावे काय हा दुसरा, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे पोकळ नव्हते. ज्या कायदेमंडळात ते बिल मांडले गेले, तेथे लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. इतिहासाच्या तासाला इंग्लंडच्या पार्लमेंटचे पोवाडे ऐकणाऱ्या बुद्धिमान मुलाला ही विसंगती टोचली, यात नवल नाही. त्याचे सनातनीपण म्हणजे आंधळी रूढिभक्ती नव्हती; तो त्याचा राजकारणातील पहिला धडा होता.

परंतु हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नव्हता. त्या काळी हायस्कुलातला मुलगा पुष्कळदा स्वतःच नवरा असे. धोंडो केशव कर्वे यांचे लग्न वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, आठ-नऊ वर्षांच्या राधाबाईंशी झाले. ते मॅट्रिक झाले १८८१ मध्ये. ज्या मुलीचे वय दहा असावे की बारा यावर सभा गाजत होत्या, ती कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी माजघरात वावरत होती. तिला कोणी काही विचारले नाही. सुधारकांची सभा १८९१ च्या फेब्रुवारीत क्रीडाभुवनात उधळली गेली. आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढण्यात आली. याला तरुण रक्ताचा उत्साह म्हणून सोडून देणारे लेखक मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. वादात हरण्याची भीती वाटल्यावाचून माणूस जिवंत विरोधकाची तिरडी बांधीत नाही.

माजघरातील त्या मुलीचे म्हणणे अखेर लिहिले कोणी? शास्त्रीबुवांसाठी विलाप करणाऱ्या त्याच शिष्याने! ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० मध्ये निघाले आणि संमतिवयाच्या वादाचा धुरळा उडत असतानाच हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः येऊ लागली. कथा सांगणारी आहे यमू, स्वतः. हरिभाऊंनी गुरूची भाषा सोडली नाही, अभिमानही सोडला नाही. केवळ माजघराकडे पाहिले. त्याच शाळेतून असाही विद्यार्थी निघू शकत होता, हे त्या सनातनी मुलाचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. सरकार परके आहे, म्हणून त्याने धर्मात हात घालू नये, या युक्तिवादाची परीक्षा पुण्यात होणे शक्यच नव्हते. ती येथे झाली. सयाजीराव महाराज परके नव्हते. मराठा राजा, हिंदू राजा, आणि इंग्रजांच्या डोळ्यांत सलणारा राजा. त्यांनी १९०४ मध्ये बाललग्न-प्रतिबंधक कायदा केला : मुलीचे वय किमान बारा, मुलाचे सोळा. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू झाले, आणि ते मुलींनाही होते. ‘केसरी’ वाचून वाढलेल्या ज्या मराठी तरुणांनी बडोद्याच्या दरबारात चाकरी धरली, त्यांच्यापाशी आता परकेपणाची सबब उरली नाही. कायदा आपल्याच राजाचा होता आणि अंमलबजावणीच्या कागदांवर आपल्याच माणसांच्या सह्या होत होत्या.

बाललग्ने मात्र थांबली नाहीत. लोक खटल्याला सामोरे जात, गुन्हा कबूल करीत आणि दंड भरीत. काही दिवसांनी तर दंडाची रक्कम मांडव, वाजंत्री आणि जेवणावळीप्रमाणे लग्नाच्या खर्चातच धरली जाऊ लागली.