चिकुनगुनिया (नाशिक जिल्हा)

एडिस डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप. एकदा ओसरून पुन्हा उसळलेल्या, म्हणजे पुनरुद्भवी, रोगांचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. अचानक चढणारा ताप, अंगावर पुरळ आणि सांध्यांतला ठणका ही मुख्य लक्षणे. मृत्यू क्वचित होतो, पण सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळते. हातावर पोट असलेल्या घरात एवढ्याने रोजगार बुडतो. म्हणून हा रोग केवळ मृत्यूंच्या आकड्यांनी मोजणे अन्यायाचे आहे.

भारतात याची पहिली साथ १९६३ मध्ये कोलकात्यात आली. महाराष्ट्रात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठी साथ झाली. पुढची सुमारे ३२ वर्षे रोग जवळजवळ विसरला गेला. २००५च्या अखेरीस तो दक्षिणेत परतला आणि फेब्रुवारी-मार्च २००६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगावात दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्या वर्षी देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत हा विषाणू जुन्या आशियाई प्रकाराचा नसून आफ्रिकी प्रकाराचा आढळला. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीत प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे त्याला रान मोकळे मिळाले.

मालेगावची साथ पावसाळ्यात नव्हे, ऐन कोरड्या दिवसांत आली, ही बाब महत्त्वाची आहे. एडिस इजिप्ती गटारात नव्हे, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्तीत पिंपे, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवणे भागच असते. तिथे लोकांना दोष देण्याआधी पाणीपुरवठा पाहावा लागतो.

नाशिकच्या गंगापूर रोडचे चित्र वेगळे दिसते. अशोक स्तंभापासून आनंदवल्ली, सोमेश्वरमार्गे गंगापूर गावाकडे जाणारा हा रस्ता बंगले, महाविद्यालये आणि नव्या इमारतींचा. पण डासाला हवे ते इथेही आहे : बांधकामावर स्लॅबला पाणी देण्यासाठी केलेली आळी, लिफ्टचा खड्डा, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, बंद बंगल्याच्या गच्चीवरची उघडी टाकी. सुबत्तेने हा रोग टळत नाही, आणि ‘आमच्याकडे घाण नाही’ हे उत्तर इथे गैरलागू ठरते. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला फाटकावरूनच परत पाठवणे हा उपाययोजनेतला मोठा अडथळा आहे.

अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून सुकवण्याचा ‘कोरडा दिवस’ त्यावरच आधारलेला आहे. घासणे आवश्यक, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात. रिकामी न करता येणाऱ्या साठ्यात गप्पी मासे किंवा अळीनाशक टाकतात. धूरफवारणीची मागणी सर्वाधिक होते. तिने फक्त उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

विषाणू मारणारे औषध नाही, उपचार लक्षणांनुसार. डेंग्यू याच डासाचा आणि सुरुवातीला तसाच दिसणारा. म्हणून डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. झिकाही हाच डास पसरवतो. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण सापडला, तेव्हा चिकुनगुनिया आणि डेंग्यूचेही रुग्ण त्याच गावात होते.